बर्फावरचं डावं वळण

आमच्याकडे पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते. माझ्या वनिताच्या वेळी माहेरच विमानात बसलं. जावयांनी तिकीट पाठवलं, त्यांचा भाऊ मला न्यायला पुण्याहून हर्णैला आला, आणि मी डिंकाचे लाडू, बाळंतशेप, लशींचा कागद नि नाकात काडी घालून केलेल्या तपासणीचा कागद घेऊन निघाले. मी चौथी शिकलेली बाई. विमानतळावर जो कोणी हात पुढे करील त्याच्यापुढे मी सगळेच कागद धरायचे, त्याला हवा तो तो घ्यायचा.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आमचे मालक करोनानं गेले होते. दापोलीला नेलं, तिथून घरी आणलं नाही. अंगभर पांढरं घातलेल्या माणसांनी न्यायच्या वेळी मला पडवीतच थांबायला सांगितलं, मी थांबले. त्यानंतर घरात बोलायला भिंती राहिल्या. म्हणून वनिता ये म्हणाली तेव्हा मी नाही म्हटलं नाही. वय सत्तरीला आलेलं. पाण्याच्या काठी जन्म गेला, पण पाण्यावरून उडाले ती पहिल्यांदाच.

वरून तो देश बघितला तर एक डोंगर नाही. सपाट हिरवं, आणि मधून पाण्याच्या रेघा, कुणी पट्टी लावून मारल्यासारख्या. आमची खाडी वाटेल तशी वळते. इथलं पाणी सांगितलं तिथूनच जातं. लेकीच्या गावाचं नाव लायडस्खेनडाम-फोरबर्ग. ते मला परत येईपर्यंत जमलं नाही, मी नुसतं फोरबर्ग म्हणायचे. एकाला एक चिकटलेली विटांची घरं, आत जिना होडीच्या शिडीसारखा उभा. जावई, निखिल, त्यांचं ऑफिस तिकडे आम्स्टरडॅमच्या स्लोटरडाइकला, पण करोनामुळे तिथे जायला बंदी, म्हणून ते माळ्यावर बसून काम करायचे. खाली फक्त त्यांचा आवाज यायचा, "यू आर ऑन म्यूट." दिवसातून किती वेळा, देव जाणे.

डिसेंबरात वनिताला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी दोघी घरी. मग एक बाई रोज यायला लागली, तिला क्रामझोर्ख (बाळंतिणीची नि बाळाची घरी येऊन देखभाल करणारी) म्हणतात. उंच, पायात आवाज न करणारे बूट. मी बाळाला मांडीवर घेऊन तेल लावायला बसले तर ती आली नि उभी राहून बघायला लागली.

"आई, ती म्हणते इतकं जोरात चोळू नका," वनिता म्हणाली.

"तिला म्हण, तुलाही मी असंच चोळलेलं आहे."

वनितानं काय सांगितलं कोण जाणे, पण ती बाई हसली आणि तिनंच वाटीतलं तेल गरम करून आणलं. त्यानंतर आमचं दोघींचं बरं जमलं.

शेजारच्या घरातून मार्लूस नावाची बाई बाळाला बघायला आली. दारातच उभी राहिली, तोंडाला मास्क. हातात ताट, ताटात लोणी लावलेले टोस्ट आणि त्यावर गुलाबी-पांढऱ्या साखरेच्या बारीक गोळ्या. मुलगी झाली की तिकडे हे वाटतात. खरं तर बाळवाल्यांनी शेजारी वाटायचं, पण आमच्याकडून ते राहिलं, म्हणून तिनंच करून आणलं. मी एक गोळी चावली तर आत बडीशेप. मी डब्यातली बाळंतशेप तिच्या हातावर ठेवली. तिनं चावली, तोंड वाकडं केलं, तरी गिळली. तिच्या मागे तिचा नवरा उभा होता. दार भरून. त्याचं नाव येरून.

त्याचं नाक एका बाजूला गेलेलं, भुवई मधेच तुटलेली, हनुवटीवर टाक्यांची खूण. मी वनिताला हळूच विचारलं, "मारामाऱ्या करतो का हा?"

वनिता म्हणाली, "नाही गं, खेळाडू आहे. आईस हॉकी. बर्फावर खेळतात."

मी म्हटलं, "बर्फावर काय खेळतात?"

बर्फ मला माहीत होता. हर्णै बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात आमच्या मालकांनी जन्म काढला. मिठाच्या पाण्यात पाण्याचे डबे सोडायचे, लादी धरली की आकड्यानं ओढून काढायची, घसरणीवरून खाली सोडायची. मी खाली मशीनवर. लादी फुटून चुरा झाला की पाटीत भरायचा आणि होड्यांपर्यंत न्यायचा. डोक्यावर बर्फ वितळायचा, पाठीवरून पाणी, जानेवारीत पहाटे हाताला बोटं आहेत की नाहीत ते बघून खात्री करावी लागायची. त्या बर्फानं पोरं वाढवली, वनिताला शिकवलं. पण त्याच्यावर कुणी खेळतं, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

येरूनची नि माझी ओळख मागच्या अंगणातल्या कुंपणावरून झाली. मी ऊन शोधत बाहेर बसायचे, तो सायकलीच्या दुकानातलं काम करून दुपारी यायचा. तिकडे या खेळावर पोट भरत नाही, म्हणून खेळाडू असून तो सायकली दुरुस्त करायचा. घरात सगळे मला आई म्हणतात ते ऐकून तोही आई म्हणायला लागला. वनिता किंवा निखिल असले की ते सांगायचे तो काय म्हणतो ते. नसले की आम्ही हातांनी बोलायचो.

त्याचे वडीलही बर्फाच्याच कामावर होते. खेळायच्या बंदिस्त मैदानात बर्फ राखायचे. खेळ मधे थांबला की गाडी फिरवून वरचा खरवडा काढायचा, गरम पाण्याचा पातळ थर द्यायचा, की बर्फ पुन्हा काचेसारखा. येरून चालायला लागला तो त्या बर्फावरच. पुढे जर्मनीत खेळला, बेल्जियमात खेळला, नारंगी कपडे घालून देशाकडून खेळला, मग परत घराजवळच्या क्लबात आला. मोबाईलवर त्यानं मला खेळ दाखवला. हातात वाकडी काठी, खाली मोठ्या वड्याएवढी काळी रबराची चकती, ती समोरच्यांच्या जाळ्यात घालायची. मला चकती दिसतच नव्हती. नुसती माणसं एकमेकांना भिंतीवर आपटत होती.

"यातला तू कुठला?"

त्यानं बोट ठेवलं. सगळे पुढे धावत होते आणि हा एकटा उलटा, पाठीमागे जात होता.

निखिल म्हणाले, "आई, तो डिफेन्समन आहे. राखणारा. समोरचा चकती घेऊन येतो, हा त्याच्याकडे तोंड ठेवून मागे मागे जातो. समोरचा ज्या बाजूनं निसटायला बघेल त्या बाजूला एका पावलात वळायचं आणि त्याला अडवायचं. ते वळणं हाच सगळा खेळ."

"आणि चुकला तर?"

निखिलनी विचारलं. येरून म्हणाला, मागे गोलकीपर एकटा असतो. मग हसून म्हणाला, गोल मारणाऱ्याचं नाव माइकवर घेतात, राखणाऱ्याचं नाव लोक चुकल्यावरच घेतात. वनिताच्या मांडीवर बाळ रडायला लागलं तसे त्यानं वरचे तीन दात काढून तळहातावर ठेवले आणि बाळाला बोळकं दाखवलं. खरे दात त्याच काळ्या चकतीनं पाडलेले.

मी म्हटलं, "मग तू नि बाळ सारखेच."

करोना आला तेव्हा हंगाम मधेच बंद पडला होता. पुढचा हंगाम धड झालाच नाही. खेळ परत सुरू झाले नि एका सरावात त्याच्या डाव्या गुडघ्यातलं काहीतरी तुटलं. ऑपरेशन झालं. वय सदतीस. म्हणजे त्याचा शेवटचा सामना होऊन गेला होता आणि तो शेवटचा आहे हे त्यालाही माहीत नव्हतं. हे मार्लूसनं वनिताला सांगितलं. घरात तो त्याच्याबद्दल बोलत नाही म्हणाली, पण बर्फावरचे पात्यांचे बूट अजून दारातच असतात, धार लावलेले.

नाताळाच्या तोंडावर पुन्हा सगळं बंद झालं. दुकानं, शाळा, सगळं. मोठ्या खेळाडूंना खेळायला परवानगी, पण बघायला कुणी यायचं नाही. आणि त्याच दिवसांत येरूनला क्लबातून फोन आला. त्यांचे राखणारे कमी पडले होते, एकाला करोना, एकाचा हात मोडलेला. वर्ष बदललं की येशील का, उरलेला हंगाम खेळशील का, असं विचारत होते. एकतीस तारखेपर्यंत कळव म्हणाले. गोलकीपर नवीन आहे, त्याच्यापुढे जुना माणूस हवा.

त्या दिवशी येरून कुंपणाशी आला तो वेगळाच दिसत होता. पण लगेच हो म्हणाला नव्हता. बर्फावर गुडघा अजून लावून बघितला नव्हता. क्लबात जाऊन बघावा तर सगळ्यांसमोर. गावातली बर्फाची मैदानं बंद. त्याला आधी एकट्यानं बघायचं होतं.

मग थंडी पडली. दोन-तीन दिवसच, पण अशी की अंगणातल्या बादलीतलं पाणी बादलीच्या आकारात निघालं. आमच्या घरांच्या मागे गाड्या ठेवायच्या खोल्या आहेत, त्यांच्या मधे फरशीचा चौक. येरूननं रांगेतल्या सगळ्या घरांना विचारलं, गाड्या बाहेर काढायला लावल्या, चहूबाजूंनी फळ्या लावल्या आणि नळी घेऊन पाणी सोडलं. पातळ थर. तो धरला की दुसरा. मी स्वयंपाकघरातून बघत होते. कारखान्यातही घाई केली की लादी पांढरी नि पोकळ निघायची. येरून घाई करत नव्हता, तेवढ्यावरून मला त्याचे वडील कळले.

सकाळ झाली तरी तिकडे अंधारच असतो. पहिल्या दिवशी तो उतरला तेव्हा मी शाल, त्यावर वनिताचं जॅकेट, पायात निखिलचे मोजे असं सगळं चढवून फळीशी जाऊन उभी राहिले. आधी तो सरळ गेला, आला. मग उलटा. एवढा थोराड माणूस, पण पायाखाली काही नाहीच असा मागे मागे सरकायचा. आवाज फक्त बर्फ कापल्याचा. उजवीकडे वळला, छान वळला. डावीकडे हळू वळला. उजाडलं तशी खिडक्यांतून माणसं दिसायला लागली. लॉकडाऊनला कंटाळलेली, हातात कॉफीचे कप. टाळ्या वाजवल्या, कुणी नाव घेऊन ओरडलं. येरूननं काठी वर केली. मार्लूस दारात उभी होती, ती मात्र टाळ्या वाजवत नव्हती.

दुपारी त्याचा गुडघा सुजला. पाय खुर्चीवर ठेवून, वर बर्फाची पिशवी ठेवून बसला होता.

मी वनिताला म्हटलं, "नजर लागली त्याला. सगळी रांग टाळ्या वाजवत होती."

"आई, ऑपरेशन झालेला गुडघा आहे तो."

"असेना. दृष्ट काढल्यानं वाईट तर नाही होत?"

"काढ, पण घरात मिरच्या जाळू नकोस. छताला धुराचा भोंगा आहे. मागच्या वेळी फोडणीला बोंबलला होता."

चूल नाही, विस्तव नाही. मी ठरवलं, उतरवून जवळच्या कालव्यात टाकू. तिन्हीसांजेला येरून पुन्हा थर द्यायला बाहेर आला तेव्हा मी मीठ-मोहरी-मिरच्या मुठीत घेऊन गेले. खडे मीठ, निखिलनी सुरीनामहून आलेल्या आपल्या वंशाच्या लोकांच्या दुकानातून आणलेलं. निखिल बरोबर आले सांगायला. येरूनला वाटलं सामन्याआधी करतात तसं काही असेल. खेळाडू असलं फार मानतात. चौकाच्या मध्यावर येऊन मान खाली घालून उभा राहिला, तरी माझा हात त्याच्या डोक्यावर पोचेना, तेव्हा गुडघ्यावर बसू लागला. मी म्हटलं, "नको, गुडघा नको टेकूस." मग कमरेत वाकला. मी तीनदा ओवाळलं. आल्यागेल्याची, खिडकीतल्यांची, कॉफीवाल्यांची, असं म्हटलं. निखिल हसू दाबत होते.

हातात वनितानं घातलेले लोकरीचे जाड हातमोजे. मूठ नीट मिटत नव्हती. कालव्यापर्यंत गेले तेव्हा मुठीत दोन मिरच्या नि चिमूटभर मोहरी एवढंच उरलं होतं. मला वाटलं वाटेत सांडलं असेल. कुठे सांडलं याचा विचार केला नाही. आयुष्यभर मिठाच्या पाण्याशेजारी काम केलेली बाई मी.

सकाळी चौकाच्या मध्यावर बर्फाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे. मिठानं खाल्लेला. मधे मोहऱ्या अडकलेल्या. येरूननं ते बघितलंच नाही, अंधार होता. उलटा आला, डावीकडे वळला आणि आडवा झाला. फळीवर जाऊन आदळला.

मी आत जाऊन निखिलना उठवलं. त्यांनी बॅटरी धरली. येरून बसल्या बसल्या बर्फावरून हात फिरवत होता. एक मोहरी नखानं उकरून काढली, निखिलच्या हातावर ठेवली.

निखिल म्हणाले, "आई, बर्फाला फोडणीच दिलीत की."

मी म्हटलं, "त्याला सांगा, माझी चूक आहे."

त्यांनी सांगितलं. येरून रागावला नाही. उलट हसला, माझा खांदा थोपटला. त्याच्या तोंडावर मला एकदम बरं वाटल्याचं दिसलं. म्हटलं, चांगला माणूस आहे, म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून हसतो. त्याचं ते हसू कशाचं होतं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तो दिवस आम्ही बर्फ नीट करण्यात घालवला. तो फावड्यानं खरवडायचा, मी खाली बसून मोहऱ्या वेचायचे. हातमोजे काढून टाकले. वनिता खिडकीतून ओरडली, "आई, बोटं जातील," मी म्हटलं, "जायची तर केव्हाच गेली असती." बर्फाला हात लागला नि बोटांना ओळख पटली. मीठ लागलेला सगळा भाग आम्ही फरशीपर्यंत खरवडून काढला. मग त्यानं घरातून गरम पाणी आणून पातळ थर दिला, तास-दोन तासांनी दुसरा, अंधार पडल्यावर तिसरा. मार्लूस बादल्या भरून देत होती. ती मधेच थांबून त्याच्याशी काहीतरी बोलली. त्यानं चौकाच्या मध्याकडे काठी दाखवली. पुन्हा बोलली. पुन्हा तिकडेच काठी दाखवली. मला भाषा कळत नव्हती, पण ते कळलं. ती गुडघ्याचं विचारत होती, तो मिठाचं सांगत होता.

तिसरी सकाळ. निखिल झोपलेले, वनिता बाळाला पाजत होती. मी नि तो, दोघंच. बर्फ काळा दिसत होता, म्हणजे चांगला धरलेला. तो उतरला. सरळ गेला. उलटा आला, उजवीकडे वळला. पुन्हा उलटा आला, या वेळी वेगात, समोरून खरंच कुणी येतंय असा. डावीकडे वळला. वरचं अंग वळलं, पाय मागे राहिला. पडला.

उठला. काठी घेतली नाही. जिथे पडला होता तिथे परत गेला, वाकला, मग माझ्याकडे बघितलं. अंगठा नि बोट जवळ आणून दाखवलं, दाणा असतो तेवढं. मग बर्फाकडे बोट केलं आणि भुवई उचलली. आहे ना? राहिली असेल ना एखादी?

मी फळी ओलांडून आत गेले. बर्फावर बसले. उजव्या हाताचा मोजा काढला. तो जिथून वळला होता तिथे बुटाची रेघ होती, त्या रेघेवरून मी तळहात फिरवत गेले. अगदी शेवटपर्यंत, जिथे तो पडला तिथपर्यंत. खड्डा नाही, खडा नाही. मग उलट्या बाजूनं परत फिरवला. मला वेळ हवा होता. एखादी मोहरी माझ्या मोज्याला चिकटलेली असेल तर, असंही मनात आलं. ती काढून दाखवली असती तर तो उठून हसला असता आणि एकतीस तारखेच्या आत क्लबाला हो म्हणाला असता.

मी तळहात त्याच्यासमोर धरला. ओला, लाल. त्यात काही नव्हतं.

त्यानं हाताकडे बघितलं. मग त्यानं मला दोन्ही दंडांना धरून उठवलं, कारण मला उठता येत नव्हतं, आणि फळीपर्यंत आणून सोडलं.

तो दिवसभर बाहेर आला नाही. थंडीही ओसरली. चौकात पाणी साचलं, लोकांनी गाड्या परत आत आणल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं आमच्या दाराशी आले. घरात पाहुणे घ्यायचे नव्हते, म्हणून ते पायरीवर आणि आम्ही आत, दार उघडं ठेवून. वनितानं चहा दिला. येरूननं कप दोन्ही हातांत धरला आणि वनिताला म्हणाला, तुझ्या आईला विचार, तिनं काम कसं सोडलं.

मी म्हटलं, "माझं काही नाही, मशीन बदललं, बायका कमी केल्या. सोडलं ते आमच्या मालकांनी." वनिता माझ्याकडे बघायला लागली. तिला हे माहीत नव्हतं. ती तेव्हा दापोलीला कॉलेजात.

मग मी सांगितलं. लादी घसरणीवरून सोडताना वरचा माणूस आकड्यानं धरून असतो. खाली दुसरा उभा असतो, तो वर बघत नाही, त्याला माहीत असतं वर कोण आहे. मालकांच्या उजव्या हाताची पकड जायला लागली होती. घरी तांब्या धरताना मला दिसायचं. कारखान्यात कुणाला दिसलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. एक दिवस ते दुपारीच घरी आले. म्हणाले, आकडा ठेवला. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, काही झालं नाही, म्हणूनच ठेवला.

वनितानं ते दोघांना सांगितलं. मार्लूसनं येरूनच्या पाठीवर हात ठेवला.

"मग?" येरूननं विचारलं. "नंतर बरं वाटलं त्यांना?"

"नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी कारखाना चालूच होता. भोंगा वेळेवर झाला. ते त्यांना फार लागलं. पावसाळाभर कुणाशी बोलले नाहीत. मग बोलायला लागले."

वनितानं मला मराठीत विचारलं, "हे शेवटचं सांगू का? त्याला अजून वाईट वाटेल."

"सांग. त्यानं विचारलंय."

तिनं सांगितलं. येरून ऐकून हसला, दात न लावता. म्हणाला, गोलकीपर पोरगेलासा आहे. त्याला वाटेल डाव्या बाजूला मी आहे. मग मोबाईल काढला आणि तिथेच, आमच्या पायरीवरून, फोन लावला. डच मला कळत नाही. पण फोन लवकर संपला. इतक्या वर्षांचा खेळ, आणि त्याच्या हातातल्या चहावर अजून वाफ होती.

"काय म्हणाले?" वनितानं विचारलं.

"ठीक आहे म्हणाले. दुसऱ्या कुणाला तरी विचारतो म्हणाले."

मार्लूस रडत होती. तो वाचला म्हणून रडत असेल असं मी समजत होते, पण ती दुःखानं रडत होती. तीही त्या बर्फाबरोबर संसार करून बसलेली बाई.

फेब्रुवारीत मी निघाले. विमानतळाच्या वाटेवर गाडीत वनिता म्हणाली, "आई, एक दाणा सापडला म्हणाली असतीस तर काय झालं असतं?"

"खेळला असता."

"तेवढाच शेवटचा हंगाम मिळाला असता ना त्याला."

"मिळाला असता. कदाचित निभावूनही नेला असता."

"मग?"

मी मांडीवरचे कागद नीट लावले. तो दुसऱ्या कुणाला विचारू शकला असता, डॉक्टरला, मार्लूसला. त्यांनी त्याला आधीच सांगितलं असणार. पण बर्फ साफ आहे का, हे त्यानं मला विचारलं होतं, आणि ते मला माहीत होतं. एवढंच.

हर्णैला आले तेव्हा दारात शेजारणी जमल्या. काय बघितलंस, ट्युलिप बघितलेस का, पवनचक्की बघितलीस का. फुलांचा मोसम नव्हता, पवनचक्की गाडीतून दिसली. मी म्हटलं, नात बघितली आणि बर्फ बघितला. त्या हसल्या. म्हणाल्या, बर्फ बघायला इतक्या लांब गेलीस?

पुढे वनिताचा फोन आला. तिकडे बंदी उठली होती, सामन्यांना लोकांना सोडत होते. येरून तिकीट काढून गेला, मार्लूसबरोबर प्रेक्षकांत बसला. पहिल्या भागात सारखा उठून उभा राहायचा, मागचे लोक बसा म्हणायचे. त्यांच्यातल्या कुणी त्याला ओळखलं नाही. मार्लूस म्हणाली, पुढच्या आठवड्यातही जाणार आहे तो.

त्या संध्याकाळी मी बंदरावर गेले, लिलावाच्या वेळेला. मालक गेल्यापासून गेले नव्हते. मशीनवर एक तरुण बाई बर्फ भरत होती, हात भराभर चाललेले. मी जवळ जाऊन बघत उभी राहिले. तिनं पाटी उचलली नि वर न बघता म्हणाली, "मावशी, बाजूला व्हा, लागेल."

मी बाजूला झाले. तिथून सगळं दिसत होतं, अंधार पडेपर्यंत थांबले.